‘बघतो’च्या आधीचा ‘मी’

जर्मन काकांना मराठीतले तीनच शब्द येत: ‘पाणी’, ‘बस’ आणि ‘बघतो’. पहिले दोन ते भोसरीच्या कँटीनमध्ये शिकले. तिसरा मी शिकवला, आणि चुकीचा शिकवला.

नव्वदच्या दशकात मी भोसरीतल्या एका कारखान्यात शिफ्ट इंजिनियर होतो. आम्ही डिझेल पंपाचे शाफ्ट, म्हणजे आत फिरणारे दांडे, बनवायचो. शाफ्टसाठी लागणाऱ्या पोलादी सळ्या घासून अगदी काटेकोर मापाच्या कराव्या लागतात. ते काम करणारं सेंटरलेस नावाचं यंत्र बसवून द्यायला जर्मनीतल्या एका छोट्या पोलाद कारखान्याचा माणूस चार महिन्यांसाठी आला होता. पन्नाशीचा, उंच, मानेवर उन्हाने लाल झालेला. हॉटेलच्या जेवणाला कंटाळून तो रविवारी आमच्याकडे यायचा. थालीपीठ लोण्याबरोबर खायचा आणि चौथं वाढलं की हात आडवा धरून ‘बस’ म्हणायचा. माझी मुलगी तेव्हा नुकती बोलायला लागली होती. तिने त्याला ‘जर्मन काका’ केलं आणि मग आम्ही सगळेच त्यांना तसं म्हणू लागलो. मला कामगार ‘साहेब’ म्हणत, म्हणून काकाही मला साहेबच म्हणत. बाकी आमचं बोलणं इंग्रजीत.

एका गुरुवारी यंत्राला पाणी पुरवणारी मोटर जळली. भोसरीत गुरुवारी लाइट बंद, दुकानं बंद. काकांनी विचारलं, आता कधी? मी म्हणालो, “मी बघतो.” स्कूटर काढली, चिंचवडला एका वाइंडिंगवाल्याच्या घरी गेलो, त्याला जेवणावरून उठवलं आणि मोटर बांधून घेऊन, पायाशी ठेवून परत आणली. काकांनी घड्याळ पाहिलं आणि विचारलं, जाताना काय म्हणालात तो शब्द कुठला?

“बघतो,” मी म्हणालो. ‘मी’ म्हणजे काय हे त्यांना सांगायची गरज वाटली नाही. “बघतो म्हणजे काम होणार.”

मराठी माणसाला हे सांगायला नको, पण माझ्या चुकीचं मूळ तिथे आहे म्हणून सांगतो. ‘मी बघतो’ म्हणणारा माणूस उठतो. नुसतं ‘बघतो’ म्हणणारा बसल्या जागीच राहतो. हा फरक मी काकांना सांगितला नाही. पुढचे तीन महिने माझ्या तोंडून त्यांनी ‘मी बघतो’च ऐकलं आणि प्रत्येक वेळी काम झालं. जाताना ते विमानतळावर म्हणाले, “जर्मनीला गेल्यावर मी माझ्या लोकांना हा शब्द शिकवणार. बाक्तो!”

काही वर्षांनी मी अमेरिकेत आलो. ओहायोतल्या डब्लिनमध्ये घर घेतलं. घरापासून वीस मिनिटांवर आमच्या कंपनीचा कारखाना. तिथेही डिझेल पंपाचेच शाफ्ट, फक्त मोठ्या ट्रकचे. कुठलं पोलाद चांगलं, कुठलं नाही, हे तपासून सांगणं माझं काम. आल्यानंतर वर्षभरातच मी आमच्या मॅनेजरला पटवलं की जर्मन काकांच्या सळ्या एकदा घेऊन बघू. त्यांचा शाफ्ट आमच्या चाचणीत तुटेना. टेस्टिंगचा माणूस कंटाळून म्हणाला, हा माझ्या रिटायरमेंटपर्यंत फिरत राहील. मग आम्ही कायमची ऑर्डर दिली. आमच्या मालासाठी काकांच्या कारखान्यात वेगळा विभाग झाला: एक सेंटरलेस, काका आणि सहा माणसं.

पुढच्या सप्टेंबरमध्ये विमानं आदळून जुळे मनोरे पडले. दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. त्यांच्या गावातल्या चर्चमध्ये लोक मेणबत्त्या लावून बसले होते, त्यात त्यांचे सहा जणही होते. “तुमच्यासाठी,” ते म्हणाले. त्या ‘तुमच्या’त त्यांनी मलाही धरलं होतं. मला ते बरं वाटलं. त्याच आठवड्यात गॅस स्टेशनवर एक माणूस माझ्याकडे टक लावून बघत होता आणि मी पेट्रोल अर्धंच भरून निघून आलो होतो.

त्यानंतरच्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्षांनी बाहेरून येणाऱ्या पोलादावर जादा आयातशुल्क लावलं. इथले पोलाद कारखाने बंद पडत होते, त्यांना सावरायला वेळ हवा होता. शेजारच्या देशांना सूट मिळाली. भारतासारख्या बऱ्याच देशांनाही त्यातून वगळलं. युरोपातल्या मित्रांना मात्र नाही.

काका फोनवर हसत होते, पण हसू कोरडं होतं. “साहेब, मी कागद वाचला. माझ्या सळ्यांमुळे अमेरिकेला गंभीर इजा होते म्हणे. सळी पायावर पडली तर इजा होते, तेवढी मला माहीत आहे.”

“तुमची जड असते, काका.”

“सप्टेंबरमध्ये मित्र आणि मार्चमध्ये इजा? तुमच्या प्रेसिडेंटला विचारा.”

“माझा प्रेसिडेंट नाही तो. मी व्हिसावर आहे.”

“मग तुमच्या भोसरीहून मागवा सळ्या. तुम्हाला तर सूट आहे!”

आम्ही दोघेही हसलो. पहिलं वर्ष कसंबसं निघालं. थोडं त्यांनी सोसलं, थोडं आमच्या कंपनीने.

वर्ष संपता संपता सरकारने अर्ज मागवले. तुम्हाला लागणारं पोलाद अमेरिकेत मिळतच नसेल, तर तसं पुराव्यासह लिहून द्या, मग त्या मालापुरती सूट मिळेल. आमच्या अर्जाला जोडायचं तांत्रिक टिपण मी लिहायचं होतं. पुरावा माझ्याकडे होता. आम्ही अमेरिकन सळ्यांचे पाच लॉट तपासले होते. तीन पास झाले. दोन लॉटचे शाफ्ट चाचणीत तडकले. तडकलेला भाग भिंगाखाली धरला की मधोमध राखाडी ठिपका दिसायचा, पोलादात राहून गेलेला मळ. पाचांतले दोन लॉट असे निघाले, तर ट्रक रस्त्यात बंद पडणार. सूट मागायला एवढं पुरेसं होतं.

जानेवारीत एका सकाळी, सात वाजायच्या आधी, घरी काकांचा फोन आला. बायको मुलीचा डबा भरत होती. मी स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या फोनवर बोललो.

काका या वेळी हसले नाहीत. त्यांच्या मालकाला सेंटरलेससाठी गिऱ्हाईक मिळालं होतं. असंच चालू राहणार असेल तर यंत्र विकून विभाग बंद करू, असं तो म्हणत होता. “मी त्याला सांगितलंय, वसंतापर्यंत थांब. अमेरिकेत सूट मिळणार आहे. साहेब, मला एकच सांगा. तुमचा अर्ज पक्का जाणार ना? तसं असेल तर मी त्याला अडवून धरतो. नसेल तर आत्ताच सांगा, म्हणजे माझ्या माणसांना दुसरीकडे जागा बघता येईल. आत्ता शेजारच्या गावात घेतायत. वसंतात नाही घेणार.”

इतका सरळ प्रश्न होता. आणि मी म्हणालो, “बघतो.”

“बाक्तो!” पलीकडून मोठ्ठा आवाज आला. “गूट. मग मला काळजी नाही.”

फोन ठेवला. बायको डब्याचं झाकण हातात धरून उभी होती. “अहो,” ती म्हणाली, “तुम्ही ‘मी’ नाही म्हणालात.”

“काय?”

“‘बघतो’ म्हणालात. नुसतं. गिझरवाल्याला बोलवा म्हटलं की म्हणता तसं.”

“त्यांना काय कळतंय त्यातलं.”

“तेच म्हणतेय मी,” ती म्हणाली आणि डबा बंद केला.

त्या वेळी मी हे का केलं, ते लिहायला हवं. त्याशिवाय हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही.

आदल्या दिवशी मॅनेजरने मला बोलावलं होतं. तो वाईट माणूस नव्हता. माझी मुलगी शाळेच्या मदतीसाठी विकायची त्या कुकीज तोच सगळ्यात जास्त घ्यायचा. त्याचा मेहुणा ओहायोच्या ईशान्येकडच्या एका पोलाद कारखान्यात होता आणि तो कारखाना बंद पडण्याच्या बेतात होता. टेबलावर माझ्या टिपणाचा कच्चा खर्डा होता. त्याने पानं उलटली.

“‘अमेरिकन पोलाद या कामासाठी अयोग्य’,” त्याने वाचलं आणि ओठ चावला. “बडी, फार कडक आहे हे. म्हणजे, खरं असेल तर असू दे. पण यावर्षी? युद्धात सोबत यायला जर्मन आपल्याला भर सभेत नाही म्हणतायत. आणि आपण वॉशिंग्टनला लिहायचं की त्यांचंच पोलाद चांगलं?”

“बदलू का?”

“तुझा विषय आहे. तू एक्सपर्ट. सही तुझी जाणार.” मग ड्रॉवर उघडत म्हणाला, “अरे हो, तुझ्या ग्रीन कार्डचे कागद वकिलाकडून आलेत. पुढच्या आठवड्यात सही करतो.”

बस, एवढंच. दोन वाक्यं एकामागून एक आली. त्याने धमकी दिली नव्हती. मी ती ऐकली. माझ्या व्हिसाची मुदत संपत आली होती, घराचे हप्ते चालू होते आणि मुलगी आता मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देत होती. तिला घेऊन पुण्याला परत जायचं म्हणजे काय, हे मी त्याच्या ऑफिसातून माझ्या टेबलापर्यंतच्या चाळीस पावलांत पुरतं डोळ्यांसमोर आणलं.

शुक्रवारी अर्ज जायचा होता. गुरुवारी दुपारी मी टिपण बदललं. खोटं मी काही लिहिलं नाही, या गोष्टीचा मी पुढे कितीतरी वर्षं आधार घेतला. तीन लॉट पास झाले ते लिहिलं. तडकलेले दोन लॉट ‘प्राथमिक निरीक्षणे’ या मथळ्याखाली शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांतल्या तक्त्यात टाकले. आणि ‘अयोग्य’च्या जागी लिहिलं: ‘प्रक्रियेत योग्य ते बदल केल्यास देशी पोलाद वाजवी मुदतीत विकसित होऊ शकेल.’ सूट नाकारणाऱ्याला दुसरं काही शोधायची गरज नव्हती. मी त्याला वाक्य तयार करून दिलं होतं.

लिहिताना माझे कान गरम झाले होते, हे आठवतं. छापलेलं पान मॅनेजरला दिलं. तो म्हणाला, “गुड. फेअर.” आणि दुसऱ्या आठवड्यात माझ्या कागदांवर सही झाली.

ते दोन महिने मी टीव्ही बंद करायला विसरायचो. रोज संध्याकाळी तेच. कोण आपल्या बाजूने, कोण नाही. मार्चमध्ये युद्ध सुरू झालं. फ्रेंचही युद्धाला नाही म्हणाले होते, म्हणून कंपनीच्या कॅफेटेरियातल्या बाईंनी मेनूच्या बोर्डावर फ्राइजच्या आधीच्या ‘फ्रेंच’वर पांढरी पट्टी चिकटवली. मॅनेजर ट्रे घेऊन मागे उभा होता. तो म्हणाला, “जर्मन पोटॅटो सॅलडचं काय करणार?” सगळे हसले. मीही हसलो. रांगेतल्या बाकीच्यांपेक्षा थोडं जास्तच हसलो, हे मला तेव्हाच कळलं होतं.

मुलीने एकदा गाडीत विचारलं, “बाबा, इज जर्मन काका मॅड ॲट अस?”

“का गं?”

“टीचर सेड जर्मनी इज नॉट हेल्पिंग अस.”

“ते देशांचं असतं. काकांचं आणि आपलं वेगळं.”

“ओके,” ती म्हणाली. तिला पटलं. मला पटलं नाही. देशांमधलं भांडण कुठे असतं? ते कुठल्या तरी टेबलावर, कुठल्या तरी अर्जात कुणीतरी लिहावं लागतं. आमच्या कारखान्यापुरतं ते मी लिहिलं होतं.

सूट मिळालेल्या मालांची यादी आली. पानंच्या पानं होती, खिळ्यांपासून रुळांपर्यंत सगळं होतं. आमच्या सळ्या नव्हत्या.

काकांचा फोन ऑफिसमध्ये आला. मी दार लावून घेतलं.

“साहेब, यादीत काहीतरी चूक आहे.”

“चूक नाही, काका. नामंजूर झालं.”

“पण कसं? तुमच्या टिपणात काय होतं?”

हा दुसरा सरळ प्रश्न. मी म्हणालो, “टिपणाचं काय घेऊन बसलात? हे राजकारण आहे. प्रेसिडेंट तुमच्यावर चिडलाय. युद्धात तुम्ही नाही म्हणालात ना, त्याचे हे परिणाम.”

काका म्हणाले, “हो. तसंच असणार. मी माझ्या माणसांना तसंच सांगतो.”

राष्ट्राध्यक्षांची धोरणं मला तेव्हाही चुकीची वाटत होती, आजही वाटतात. पण त्या दिवशी मला ती फार उपयोगी पडली. ज्या माणसाला मी ‘माझा नाही’ म्हटलं होतं, त्याच्या पाठीमागे जाऊन मी उभा राहिलो. आणि ते इतकं सहज झालं, कारण कुणालाही ते खरं वाटावं अशीच हवा होती.

मालकाने यंत्र विकलं. सहा माणसं गेली. शेजारच्या गावातली भरती तोवर बंद झाली होती. काकांना निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती, त्यांना पॅकिंगमध्ये टाकलं. हे मला त्यांच्या नाताळच्या कार्डावरून कळलं. तक्रार नव्हती. ‘आता मी खोके बांधतो, छान बांधतो’, एवढंच. त्याच महिन्यात राष्ट्राध्यक्षांनी शुल्क उठवलं. युरोपवाल्यांनी अमेरिकेच्या मालावर उलट शुल्क लावायची तयारी केली होती, त्याचा दबाव होता म्हणतात. टीव्हीवर ते अर्धा मिनिट दाखवलं. मी सोफ्यावर बसून होतो. बायको म्हणाली, “झालं का? मग आता काकांचं?” मी म्हणालो, “बघू.” ती आत निघून गेली.

दोन वर्षांनी ग्रीन कार्ड आलं. घरी पुरणपोळ्या झाल्या. मित्र आले, मला मिठ्या मारल्या. मी जेवलो.

मधल्या काळात आमचे शाफ्ट परत यायला लागले होते. ट्रकवाल्यांनी पाठवलेल्या तडकलेल्या तुकड्यांत तोच राखाडी ठिपका. मॅनेजरने विचारलं, तुझ्या त्या जर्मनांकडून पुन्हा घेता येईल का? मी सांगितलं, तो विभाग राहिला नाही. मग शोधाशोध करता करता स्वस्त आणि चांगलं म्हणून भारताचं नाव निघालं, आणि पुण्याचा म्हणून पुरवठादार तपासायला मलाच पाठवलं. काकांनी हसत म्हटलं होतं, भोसरीहून मागवा. भोसरी नाही, चाकण निघालं, इतकाच फरक.

चाकणच्या शेडमध्ये शिरलो तेव्हा यंत्राचा आवाजच ओळखीचा वाटला. हिरवा रंग नवीन मारलेला, पण बाजूच्या पत्र्यावर जर्मन अक्षरं तशीच. मी त्यावरून हात फिरवला. ऑपरेटर पन्नाशीचा, साताऱ्याकडचा. त्याने पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं.

“जर्मनीचं हाय साहेब. सेकंडहँड. पन माप बगा, केसाचा फरक न्हाई.”

“कुणी बसवून दिलं?”

“म्हातारा आलता की एक. ह्याच मशिनीवर होता म्हनं तिकडं. रिटायर झाल्यावर मालकानं बोलावून घेतला, दोन म्हैने हुता. लई गोड मानूस. थालपीट मागायचा कँटीनमधी. मराठी बोलायचा!”

“काय बोलायचे?”

“बाक्तो!” ऑपरेटर हसला. “काय बी इच्यारलं की बाक्तो. आनि करायचा बरं का, लगेच. मग आमीच त्येला सांगितलं, काका, आसं नका म्हनू. नुस्तं बगतो म्हनलं की आमच्याकडं काम हुत न्हाई. करायचं आसंल तर ‘मी बगतो’ म्हना.”

“मग?”

“त्येला खरंच वाटंना. चार जनांना जाऊन इच्यारलं. मालकाला इच्यारलं, वाचमनला इच्यारलं. समदे त्येच म्हनले. मग त्या खुर्चीत बसला. च्या थंड झाला त्येचा.” ऑपरेटरने खांद्यावरचं फडकं काढून हात पुसले. “दुसऱ्या दिसापासनं बराबर म्हनायला लागला. मी बाक्तो.”

काका चाकणला येऊन गेल्याला तोवर दीड वर्ष झालं होतं. म्हणजे त्यांना दीड वर्ष माहीत होतं. त्यानंतरच्या नाताळातही त्यांचं कार्ड आलं होतं. त्यात मुलीच्या अभ्यासाची चौकशी होती.

तपासणीचे कागद मी कसे भरले ते आठवत नाही. दुपारी पुण्यात आमच्या जुन्या फ्लॅटवर आलो. भाडेकरू सोडून गेल्यापासून तो रिकामाच होता. जमिनीवर बसून काकांना फोन लावला.

“साहेब!”

“काका, मी चाकणला गेलो होतो.”

त्यांनी पलीकडे रेडिओ बंद केला.

“त्या सकाळी फोनवर मी नुसतं ‘बघतो’ म्हणालो होतो. तुम्हाला आता माहीत आहे.”

“हो.”

“टिपण मी बदललं होतं. आदल्या दिवशीच ठरवलं होतं. दोन लॉट तडकले होते, ते मी शेवटच्या पानावर लपवले. प्रेसिडेंट वगैरे काही नाही. म्हणजे तेही होतं, पण...”

“दोन लॉट तडकले होते?” काकांचा आवाज बदलला. “अमेरिकन?”

“पाचांतले दोन.”

“आणि आमचे?”

“तुमचा एकही नाही. कधीच नाही.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “साहेब, माझ्या माणसांना काय वाटतं, माहीत आहे? मालक त्यांना म्हणाला, तुमच्या सळ्या अमेरिकनांपेक्षा काही वेगळ्या नव्हत्या, म्हणून सूट मिळाली नाही. त्यांतला एक आजही मला विचारतो, आपलं नेमकं काय कमी पडलं? मी काय सांगू? मला वाटलं, खरंच तसंच असेल. चाकणहून परतल्यावर एवढंच कळलं की तुम्ही काही केलं नाही. का केलं नाही, ते कळलं नाही. मला वाटलं, सळ्याच तशा होत्या आणि तुम्हाला तोंडावर सांगवलं नाही.”

याची मी कल्पनाच केली नव्हती. मी त्यांना फसवलं हे त्यांना कळलं असेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्यांनी मात्र मला सांभाळून घेतलं होतं आणि दोष आपल्या सळ्यांना दिला होता.

“मला ते लिहून द्या,” काका म्हणाले. “दोन लॉट, तारीख, आकडे. तुमच्या सहीने. मी ते त्या सहा जणांना दाखवणार.”

कंपनीच्या चाचण्यांचे आकडे बाहेर देणं म्हणजे नोकरीवर पाणी. तोंडातून शब्द निघू लागला, “बघ...” आणि मी थांबलो. “मी बघतो,” मी म्हणालो.

“कुठलं, साहेब?” काका म्हणाले. “मी-वालं ना?”

“मी-वालं.”

ओहायोला परत आल्यावर मी आधी मॅनेजरकडे गेलो. दार लावलं आणि सगळं सांगितलं. ड्रॉवर, सही, ते वाक्य. त्याने हातातलं पेन खाली ठेवलं.

“तुला वाटलं, मी सही अडवेन?”

“हो.”

“अर्जावर आणि तुझ्या कागदांवर, दोन्ही सह्या मी केल्या असत्या, बडी. मला वाटलं, तुझं खरंच तसं मत झालंय. म्हणून मी त्या अर्जावर दुसऱ्यांदा नजरही टाकली नाही.” मग खिडकीकडे वळून म्हणाला, “माझ्या मेहुण्याचा कारखाना तरीही बंद झाला. माहीत आहे ना तुला?”

मला माहीत होतं.

पत्र पाठवू नकोस असं तो म्हणाला नाही. पाठव असंही म्हणाला नाही. म्हणाला, “उद्या कुणी विचारलं, तर हे संभाषण झालं नाही असं मी म्हणणार नाही, एवढं लक्षात ठेव.” त्याने तसं सांगितलं, हे बरं झालं. या वेळी धमकी खरी होती आणि मला ती स्वच्छ ऐकू आली.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर मी पत्र लिहिलं. लॉटचे नंबर शोधावे लागले नाहीत. पाच वर्षं ते मला पाठ होते. मुलगी शेजारी सीरियल खात होती. तिने वाकून पाहिलं. “हू इज इट फॉर?”

“जर्मन काकांसाठी.”

“वर्क लेटर?”

“नाही,” मी म्हणालो. “माझं आहे.”

पाचांतले दोन लॉट तडकले होते, असं पहिल्याच ओळीत लिहिलं. ‘प्राथमिक’ हा शब्द कुठेही घातला नाही. खाली सही केली. बायकोने ते उभ्याउभ्या वाचलं, पाकिटात घातलं, पाकीट जिभेने ओलं करून बंद केलं आणि गाडीची किल्ली माझ्यासमोर ठेवली.